एक्झिबिट पी-चौदा

भागिरथी घाडी शपथ घेताना खोकली.
मी दुभाषी. तिची मराठी उचलून
कानडीत ठेवायची, सांडू न देता, एवढंच माझं काम.
वकिलानं तिला तासभर उलटसुलट विचारलं:
अंधार किती, बॅटरी कुणाच्या हातात,
गोठ्यापासून चाळीस पावलं की साठ.
तिनं पावलं मोजून दाखवली
पिंजऱ्याच्या आत, जागच्या जागी.

दीड वर्षानं कागद आला.
तीन पानं, इंग्रजी, गोल शिक्का,
खाली सही, जिच्यात नाव सापडत नाही.
इन्स्पेक्टरनं पुढं केला. साहेबांनी विचारलं, हरकत?
वकील फाईलची दोरी सोडत म्हणाले, नाही.
मार्क करा.
कागदाला शपथ दिली नाही.
कागदाला कुणी विचारलं नाही
उजेड किती होता.

कायदाच तसा आहे, बत्तीस वर्षं ऐकतोय.
सरकारी तज्ज्ञाचा अहवाल स्वतःच बोलतो;
माणसाला बोलवता येतं, बोलवत कुणी नाही.
खरं तर त्याचंही चूक काय,
टेबलावर रोज नवी गाठोडी, कुणाचं लुगडं, कुणाचं आतडं,
ते सोडून तो किती कोर्टांच्या तारखांना धावणार.

फक्त मडिवाळर हवालदार उभा राहिला.
खानापुराहून बेळगावपर्यंत, लाल बस, गाठोडं मांडीवर.
सील शाबूत होतं? होतं, साहेब.
ठाण्यात किती दिवस पडून होतं?
त्यानं वही बघितली.
तेवीस.
जून महिना. मुद्देमालाच्या खोलीचं कौल
ज्या कोपऱ्यात फुटलंय तो कोपरा
ठाण्यातल्या सगळ्यांना माहीत आहे.
वहीत फक्त तारखा होत्या.

अहवाल म्हणतो: वस्तू क्रमांक तीन, कत्ती, लाकडी मूठ.
पात्यावर तपकिरी डाग. रक्त. मानवी.
(आरोपी म्हणायचा, जत्रेच्या बकऱ्याचं.)
रक्तगट: डाग विघटित, निष्कर्ष नाही.

निकालादिवशी व्हरांड्यात तिनं मला धरलं.
ते रक्ताचं काय निघालं, दादा?
माणसाचं आहे म्हणतात.
कुणाचं?
आता हे मराठीत कसं सांगायचं.
इंग्रजीत एक शब्द आहे, गुळगुळीत, निसटून जाणारा.
कानडीत साहेबांनी दोन ओळी लिहिल्या होत्या.
मी म्हणालो, मावशी, ते सांगता येत नाही म्हणे.
ती बघत राहिली.
म्हणजे गोत्तिल्ल म्हणतोय की तो बी.
मी अंधारात गोत्तिल्ल म्हटलं तर
वकील हसला माझ्यावर.
ह्याच्यावर कोण हसलं न्हाई?

संशयाचा फायदा. तिघे सुटले.
आदेशात शेवटून दुसरी ओळ:
एम.ओ. तीन, किंमत नसलेली वस्तू,
अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावी.
तीही मला सांगावी लागली.

तेव्हा ती खाली बसली, पायरीवरच.
म्हणाली, ती कत्ती आमचीच हाय.
सातेरीनंच मूठ बसवली, किंजळीची,
तीन दिवस घासत होता काचेच्या तुकड्यानं.
आरोपीनं हातातून हिसकावली ती त्याचीच.
मी हे कोर्टात सांगिटलं होतं की वो.

सांगितलं होतं.
मी भाषांतर केलं होतं, आठवतंय मला,
मूठ, किंजळ, काचेचा तुकडा, सगळं.
साहेबांनी पेन वर धरलं होतं. म्हणाले,
साक्षीदाराला विचारलं तेवढंच बोलायला सांगा.
मी तिला तेही सांगितलं.

आता ती विचारते, अर्ज केला तर
पातं ठेवून नुसती मूठ देतात काय?
अशा अर्जाचा नमुना माझ्याकडे नाही.
तरी शाईच्या पेनानं सुरुवात केली आहे,
वर जिल्हा, खाली खटला क्रमांक,
आणि भाषेच्या जागेवर
अडून बसलोय.