कासव दिसेलच असं नाही

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं:
कासव दिसेलच असं नाही, पैसे परत मिळणार नाहीत.
एकतीस वर्षं विम्याच्या ऑफिसात
अशीच वाक्यं मी लोकांपुढे सरकवली,
सही करताना जरा हसू आलं.

वेसाव्याच्या खाडीवर सहाला अजून अंधार.
बोंबलाच्या वलांडीखाली मांजरं तेवढी जागी.
चेतना चिंचय माझ्या लाईफ जॅकेटचे बंद आवळत म्हणाली,
"काकू, श्वास घ्या. सोडा. हां, आता बसलं."
पाच पिवळ्या कयाक. दोघादोघांना एक,
पाचवीत ती एकटी, सुरी आणि बिस्किटांचा पुडा घेऊन.

माझ्या पुढ्यात पार्ल्याचे कुणी टिपणीस.
ते उजवीकडे वल्हं मारायचे तेव्हा मी डावीकडे,
मी थांबले की ते थांबायचे,
आणि आम्ही जागच्या जागी गोल फिरत राहिलो
नव्या जोडप्यासारखे.

खाडीचं तोंड सुटलं की पाणी बदलतं.
ते बुडाखालून कळतं,
कुणी खालची सतरंजी हळूच ओढावी तसं.
उजवीकडे मड, काळंच अजून.
मागे टॉवरांचे दिवे एकेक विझत चाललेले.

कासव, कासव म्हणून आम्ही ओरडलो ते
आधी एका नारळाला,
मग काच शाबूत असलेल्या एका हेल्मेटला,
मग उलट्या तरंगणाऱ्या घमेल्याला, ज्याच्यावर एक कुरव
मालकासारखा बसलेला.
टिपणिसांनी आणखी एक पाहिलं,
ते फक्त त्यांनाच दिसलं.
"डोळ्यांनी नका शोधू," चेतना म्हणाली. "ऐका."

आणि खरंच आधी आवाज आला.
चार मजले चढून आलेलं माणूस दारात थांबून सोडतं
तसा एक श्वास,
माझ्या कोपरापासून दीड हातावर.
मी विचारणारच होते, कोण?

जड पापण्या. ओलं, म्हातारं तोंड.
आमच्या गावी गाभाऱ्याआधी फरशीत दगडी कासव होतं,
चुकून पाय पडला तर आई मागे नेऊन
पुन्हा नमस्कार करायला लावायची.
त्याचं तोंड कायम देवाकडे.
याने आमच्याकडे पाठ केली,
तेव्हा दिसलं, मागच्या पायाला हिरवं जाळं.

चेतना होडीवर पालथी झाली,
हात काखेपर्यंत पाण्यात.
"माझी होडी धरा. घट्ट."
मी आणि टिपणीस पहिल्यांदाच
एका बाजूला झुकलो.
तिने तीन धागे तोडले. चौथ्यावर थांबली.
बोटाने गाठ चाचपली, पुन्हा चाचपली.
"ही आमचे घरानची गाठ हाय,"
हे ती आमच्याशी बोलली नव्हती.
मग तीही कापली.

कासव गेलं. वळून बघणं वगैरे काही नाही.
टपालपेटीत पत्र पडावं तसं गेलं.
मागून कुणी विचारलं, फोटो आला का?
नव्हता आला.

जाळ्याचा तुकडा तिने माझ्या मांडीवर टाकला.
सबंध वाटभर तो ठिबकत राहिला.
मी नखांनी ती गाठ सोडवून पाहत होते:
दुहेरी फेरा, आतून वर, मग ओढ.
सुटेना.

बंदरावर एक म्हातारा जाळं विणत बसलेला,
दोरा पायाच्या अंगठ्यात ताणून.
"चाय घेतली का, बाबा?" चेतनाने जाता जाता विचारलं,
आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात,
"काकू, ते पिशवीत टाका. वर पुडा ठेवा."
मी ठेवला.
टिपणीस मोठ्याने म्हणाले, पैसे वसूल.

म्हाताऱ्याने मान वर केली.
"दिसला का कासव?"
दिसला, मी म्हटलं.
"जिता?"
जिता.
"बरा झाला," तो म्हणाला,
आणि अंगठा ताठ करून
दुहेरी फेरा, आतून वर,
मग ओढ.