एफ-नऊ

साखर पेठेतले शेवटचे दोन माग साडेअकराला थांबतात.
मग माझा कीबोर्ड गल्लीभर ऐकू जातो, असं वाटतं.

आधी लिहिते. साध्या मराठीत, साध्या खिडकीत:
कुठल्या कारखान्यात किती जणींच्या विड्या
छाट म्हणून बाजूला काढल्या,
फंडाच्या पासबुकात कुठले महिने कोरे,
बालामणीचं नाव. नको, नाव नको, नुसता घर नंबर.
मग एफ-नऊ.

एक कळ, आणि एडिटर एकटाच चालू लागतो.
मजकूर उचलतो, माझी सही घालतो,
बिराजदार वकीलबाईंच्या चावीने कुलूप लावतो,
आणि जिथे बायका बसल्या होत्या तिथे
सुपातल्या तंबाखूसारखी अक्षरं,
कुणालाही न लागणारी.

हा मॅक्रो नोंदवला दोन वर्षांपूर्वी, एप्रिलात, लाइट जायच्या भीतीने घाईत.
नोंदवताना एक कळ चुकले. खोडली. पुन्हा दाबली.
त्याने खोडणंही लक्षात ठेवलं.
आता रोज तीच चूक करतो, रोज तीच खोडतो,
पापणी लवते तेवढ्यात
माझा घामेजलेला हात येऊन जातो.
दुरुस्त करता येईल. राहू देते.

नाना जेकॉर्डची कार्डं पाडायचे.
एकदा पिसाऱ्यात एक भोक चुकलं
आणि चारशे चादरींवर चारशे मोर,
प्रत्येकाच्या एका पिसाचा डोळा मिटलेला.
शेठने आठवड्याचे पैसे कापले.
पुढे कधीतरी गुलबर्ग्याच्या स्टँडवर
झोपलेल्या एका माणसाच्या अंगावर तो मोर दिसला.
उठवलं नाही त्याला.
तिथेच उभ्या उभ्या चहा प्यायले, गाडी चुकली.

काल तेच माझ्या मागे येऊन उभे: "एमिटे इदि?"
म्हटलं, कुलूप वेगळं, सही वेगळी.
कुलूप, तिसऱ्याने वाचू नये म्हणून.
सही, की हे मीच लिहिलं
आणि वाटेत कुणी एक कानाही हलवला नाही.
"आणि परवलीचा शब्द? तोही त्या बटणात?"
नाही. तिथे तो थांबतो, मला विचारतो.
तो दर वेळी हाताने.
आई टेंभुर्णीची पानं कापताना जे पुटपुटायची त्यातला...
असो. इथेही सांगायचा नसतो.

"विसरलीस तर?"
तर आलेलं वाचता येणार नाही,
आणि लिहिलेलं माझं ठरणार नाही.
नाना बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले,
काठ तपासावा तसे.

आज वकीलबाईंची एक ओळ आली.
माझ्या नावाने पत्र मिळालंय त्यांना:
बायका खूश आहेत, फंड भरला, तक्रार मागे घेतो.
शेवटी माझ्यासारखंच "बरं का".
सही मात्र नव्हती. "तूच का?"

नाही, लिहिलं. आणि खाली पुन्हा सगळे घर नंबर.
एफ-नऊ.
तो चुकला, खोडलं त्याने,
थांबला शब्दासाठी.
दाराला कडी आहे का, ते एकदा पाहून आले.
मग टाइप केला.