डावी करंगळी

लाल डोंगरच्या एकशे अकरा पायऱ्या चढून
दुसऱ्या दिवशीही तेच मागायला गेले:
सुमेधची शी.
पहिल्या डबीनंतर चोवीस तासांनी दुसरी,
झाकण घट्ट, वर तारीख, वेळ, माझी सही.

त्या आठवड्यात अख्खी गल्ली शिंकत होती.
नळावरच्या बाया, बालवाडीची पोरं,
अंड्याच्या गाडीवरचा इस्माईल.
सगळ्यांना ताप आला, सगळ्यांचा उतरला.
सुमेधचाही उतरला.
मग मंगळवारी तो चहात बिस्कीट बुडवायला गेला
आणि हात त्याच्याबरोबर आलाच नाही.
"हात झोपलाय अजून," म्हणाला.
संघमित्रा हसली.
त्या हसण्याबद्दल ती अजून येईल त्याला सांगत असते,
कबुली द्यावी तशी.

मला तिने काही सांगितलं नाही.
पोराचा डावा हात मनगटाला धरून उचलला,
करंगळी वेगळी केली, माझ्या डोळ्यांपुढे धरली.
नखावर जांभळी शाई,
नख वाढलं तशी टोकाकडे सरकलेली.
"डोस दिला होता. ही बघा.
तुम्हीच लावलीत ना?"

मीच लावली होती.
विहाराच्या ओट्यावर, रविवारी, दोन थेंब.
तोंड वाकडं केलं पण थुंकला नाही,
म्हणून वर एक लाल शिट्टी.

निळा डबा मांडीवर घेऊन बसले बसमध्ये.
कंडक्टर म्हणाला, मासळी का?
म्हटलं, कुल्फी.
सायनला खड्डा आला तेव्हा डबा पोटाशी घेतला.
माझं स्वतःचं पोर मी असं कधी धरलेलं नाही.

इस्पितळात हातोडी कोपरावर वाजली, दोनदा, तीनदा.
घरात माणूस असून कुणी कडी काढू नये, तसं.
डॉक्टरीणबाई तरुण होत्या.
केसपेपरच्या पाठीवर त्यांनी पाठीचा कणा काढला,
मानेपाशी पेन्सिलीने काळं केलं. इथे सूज आहे.
कशाने?
सर्दीचाच एखादा विषाणू असेल. पोरापोरांत फिरतो.
फार थोड्यांच्या बाबतीत असं होतं.
संघमित्राने ते चित्र घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं.

निकाल आला: पोलिओ नाही.
पेढ्याचा पुडा न्यावा तसा मी तो घेऊन चढले,
पायऱ्या मोजल्यासुद्धा नाहीत.
तिने कागद पाहिला, उलटा केला, मागे काही लिहिलंय का बघितलं.
"मग काय आहे?"

माझ्या फॉर्मवर त्याला 'इतर' म्हणतात.
हे मी तिला सांगितलं नाही.
पाणी मागितलं.

साठाव्या दिवशी पुन्हा.
लुळेपणा शिल्लक: आहे / नाही.
खांदा उचलतो आता. कोपर, थोडं, टेकून.
शर्टाची बटणं उजव्याने लावतो, एक चुकवून.
मालिश करणाऱ्या काकांना शिव्या देतो, त्या कुणी शिकवल्या माहीत नाही.
यातलं काहीच त्या दोन शब्दांत बसत नव्हतं.
'आहे'वर खूण केली.

माघातल्या रविवारी परत विहाराचा ओटा, परत तेच टेबल.
पाच पूर्ण व्हायला त्याला अजून दीड महिना होता.
तोंड उघडलं, थेंब गिळले,
आणि उजवा हात पुढे केला.

नियम डाव्या करंगळीचा आहे.
रांगेतली एक बाई म्हणाली, चालतंय हो, लावा उजव्याला.
सुमेधने माझ्याकडे पाहिलं.
मग उजव्या हाताने डावा उचलला
आणि टेबलावर ठेवला, माझ्या मार्करसमोर.

मी रेघ ओढली. वाकडी आली.
करंगळी हलली की माझा हात,
विचाराल तर मला सांगता येणार नाही.
संघमित्राने काय पाहिलं ते मी विचारलं नाही.

शिट्ट्या संपल्या होत्या.
"राहू दे," तो म्हणाला,
"मागची आहे माझ्याकडे."