काढा

दिग्रसला, बियाण्यांच्या दुकानावर,
लोखंडी जिन्याच्या सोळा पायऱ्या चढून आमचं ऑफिस.
खालून फवारणीच्या औषधाचा वास,
वर बारा कॉम्प्युटर, एक कूलर,
त्यातलं पाणी भरायची पाळी रोज कुणाची यावर भांडण.

पडद्यावर तीन बटणं:
ठेवा. काढा. वर पाठवा.
एका मजकुराला अकरा सेकंद.
घरी काढा म्हणजे अडुळशाचा,
आई खोकल्यावर देते, गूळ घालून.
इथं काढा म्हणजे काढा.

मशीनला वऱ्हाडी येत नाही.
कोण्या मावशीनं नातवाच्या फोटोखाली लिहिलं,
"मुडदा बशिवला तुया, कसा गोड दिसतं बे!"
मशीननं लाल केलं. जिवे मारण्याची धमकी.
मी ठेवलं.
हैदराबादहून फोन: मुडदा म्हणजे लाश ना?
म्हटलं, सर, आमच्याकडे लाड उतू गेला
की एखादा मुडदा पडतोच.
ते हसले नाहीत. म्हणाले, हे नियमात बसवून दाखवा.
मी दोन ओळी लिहिल्या, खोडल्या.
मुडदा काही बसेना.

आणि जे खरंच विषारी असतं
ते फार शुद्ध असतं.
"नाल्यापलीकडच्या बांधवांनी आपली पायरी ओळखून
मिरवणुकीचा मार्ग बदलावा, ही नम्र विनंती."
ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी. शेवटी हात जोडलेले.
मशीनला आवडलं. हिरवं.
मी काढलं. वरून उत्तर आलं: ठेवा.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी, डबा उघडायच्या आधी,
पडद्यावर आमचंच गाव आलं.
कंट्रोलचं दुकान. हो, रेशनला आम्ही कंट्रोलच म्हणतो.
काटा, काट्याच्या पाटाखाली चिकटवलेला चुंबक,
एक बांगडीवाला हात तो ओढून दाखवतोय.
हात नसता दिसला तरी आवाज ओळखला असता.
सुगंधाकाकू ढोकणे.
"पाहा लोकहो, पस्तीसचे एकतीस देते हा उकंडराव.
गरिबाच्या ताटातलं खाते. किडे पडतीन याले."

त्रेसष्ट तक्रारी, एका रात्रीत.
उकंडरावाचे भाऊबंदच तेवढे.
नियमाप्रमाणे: नाव घेतलंय, चेहरा दिसतोय, शाप दिलाय.
चुंबकाबद्दल नियमात काही नाही.
वर पाठवता आलं असतं.
वर पाठवणं वाढलं की आकडा घसरतो,
महिन्याअखेर पाचशे कापतात.
मी तिचा आवाज बंद करून पुन्हा पाहिलं,
चुंबक निघाला तसा काटा थरथरला,
आणि नवव्या सेकंदाला
काढलं.

संध्याकाळी एसटीतून उतरले तर फाट्यावर काकू.
"पोरी, तू त्या मोबाइलच्या हापिसात हायेस नं?
माया व्हिडिओ दिसून नाही रायला.
म्या काढला होता.
मंग काढला कोनं?"

एकाच शब्दात तिचंही काम, माझंही.

मशीननं, मी म्हटलं.
"भैताड हाय तुयी मशीन," ती म्हणाली,
आणि माझ्या डब्याची पिशवी थोडा वेळ तिनंच धरली,
कारण माझी चप्पल चिखलात रुतली होती.

रविवारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गेरूनं:
३५ चे ३१.
नाव नाही, चेहरा नाही, शापसुद्धा नाही.
सोमवारी कोणीतरी चुना मारला.
मंगळवारी चुना वाळला
आणि आतून गेरू वर आला,
गुलाबी, आजारी माणसाच्या नखासारखा.

मी भिंतीसमोर थांबले.
अकरा झाले. बारा झाले. वीस.
शाळेतली दोन पोट्टी मागे येऊन
मोठ्यानं वजाबाकी करायला लागली.
एसटीनं हॉर्न दिला.
चार. चार किलो गव्हाच्या पोळ्या किती होतात,
आईला विचारायचं
अजून राहिलंय.