पहिलं पाऊल वीतभर

गॅरेजमधल्या खोक्यात माझ्या बापाची नऊ जॅकेटं आहेत,
नऊ रंगांची.
ज्या गावाचं जॅकेट, त्या गावात ते घालून
आता जाता येत नाही.
जांभळं तो कुंपण रंगवताना घालतो.

पहिलं साउथ डकोटातलं, राखाडी, अस्तर उसवलेलं.
तेव्हा पगार नव्हता. जेवणाची कुपनं होती
आणि व्हिडिओ रूममधल्या सोफ्यावर झोपायची मुभा.
रात्रभर तो समोरच्या संघाचे डाव बघत बसे,
पुढे, मागे, पुन्हा पुढे,
एक पोरगा चेंडू सुटायच्या आधी
डावी टाच उचलतो का, एवढंच शोधत.
उचलत होता.
त्या टाचेवर ते एक मॅच जिंकले.
लोकांनी हेड कोचला खांद्यावर घेतलं.
बाप मागे हेडफोनची केबल गुंडाळत होता.

मग ओहायो, दोन वर्षं. मग लाइन कोच,
आणि तिथेच तो रुजला,
कामात म्हणतेय मी, गावात नाही.
लाइनमधली पोरं म्हणजे ती,
ज्यांचं नाव फक्त चूक झाली की
लाउडस्पीकरवर येतं.

नोव्हेंबर संपत आला की
फोन वाजल्यावर आई आधी गॅस बंद करायची.
वरच्याला काढलं की खालचे आठही जण जात,
सुक्याबरोबर ओलं.
मी सहा शाळांत शिकले. चौथ्या शाळेत
मैत्रिणी करायच्या थांबले, पाचव्या शाळेत पुन्हा लागले.
आई खोकी मोडत नसे,
नुसती चपटी करून पलंगाखाली सारी.

हिरव्या जॅकेटच्या खिशात एक पत्र सापडलं मला.
टव्हॅरस ओडमच्या आईचं, यंग्सटाउनहून.
बाप तिच्या स्वयंपाकघरात दोनदा जेवला होता,
मॅकरोनी, कोलार्डची भाजी, वर पीच पाय.
पोरगं आमच्याकडे पाठवा, मी आहे ना, असं म्हणाला होता.
पोरगं आलं. तीन आठवड्यांनी बाप नव्हता.
पत्रात शिवी नाही एकही.
एवढंच: तुम्ही म्हणाला होतात, मी आहे.

एकदाच तो हेड कोच होता होता राहिला.
मोंटानात, विमानतळाजवळच्या हॉटेलात मुलाखत.
त्यांनी विचारलं, तुमची दूरदृष्टी काय?
बाप चाळीस मिनिटं बोलला
जमिनीवर बोटं कुठे टेकवायची यावर.
त्यांनी चौतीस वर्षांचा, छान दातांचा एक माणूस घेतला.
परतीच्या विमानात आपण खूप नीट समजावलं
असं त्याला वाटत होतं.

आता कॅन्सासच्या पश्चिमेला एक हायस्कूल.
सकाळी पोरांना गाडी चालवायला शिकवतो,
दुपारी चौदा पोरं आणि कडेला मक्याचा वारा.
मी गेले तेव्हा तो ओणवा झाला होता,
गुडघ्याचा आवाज मला कुंपणापर्यंत ऐकू आला.
तीन बोटं मातीत. कंबर खाली. मान वर.
"पहिलं पाऊल वीतभर.
जास्त टाकलंस की तोल त्याच्या हातात."
एका बुटक्या पोराने विचारलं,
वीत म्हणजे किती, कोच?
बापाने स्वतःचा पंजा पसरला, पाहिला, मिटला.
"तुझी वीत. माझी नव्हे."

परवा फोन आला. लुईझियानाहून.
त्याचा एक जुना खेळाडू तिकडे हेड कोच झालाय,
वय छत्तीस. लाइन सांभाळाल का, सर?
ओडम नव्हे. ओडमने कधी फोन केला नाही.
बाप बराच वेळ हूं हूं करत राहिला,
मग रिसीव्हरवर हात ठेवून आईकडे बघितलं.
तिने हात पुसले.
गॅस चालूच होता.

"रंग कुठला?" तिने विचारलं.