लाख

गुलटेकडीला अकराच्या आतच ऊन पत्र्यावर बसतं.
मी ओळखपत्र दाखवते. तोडकर ते वाचत नाहीत,
माझ्या चपलांकडे बघतात.
सरकारी माणूस चपलांवरून कळतो म्हणे.

"या मॅडम, पंख्याखाली बसा. काय घेणार?"

नमुना घेणार.
दोन किलो बेसन, हे आत्ता शिवलं जातंय
त्या पोत्यातलं.

मला तुमचं कुलूप उघडायला लावता येतं.
वह्या बघता येतात.
माल जप्त करून तुमच्याच गोदामात ठेवता येतो,
तुमच्याच सहीवर,
आणि मग तुम्हालाच त्याला हात लावता येत नाही.
एवढं सगळं मला येतं,
आणि पावसाळ्यात स्कूटर दहाव्या किकलाही चालू होत नाही.

"कायदा हातात घेऊ नका मॅडम."
हातातच आहे की,
प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये.
त्यातलं एक कलम माझ्यावरही आहे:
उगाच कुणाचा माल अडवला, छळायला अडवला,
तर दंड मला. लाखापर्यंत.

साक्षीदार हवा.
समोरचा सुतळीवाला शटर अर्धं ओढतो.
मापाड्याला फोन येतो.
हमालांना एकदम तहान लागते.

चाळणीवरची सगुणा लोंढे पदराला हात पुसत येते.
"कुठं करू सही? चौथी झालीय माझी."
सावकाश करते. लोंढेतला ढ दोनदा गिरवते.
पंचनाम्यावर तिच्या बोटाचं पीठ राहतं,
ते मी झटकत नाही.
उद्या तिला कामावर घेतील का,
त्याचं कलम फोल्डरमध्ये शोधलं.
पुन्हा पहिल्यापासून शोधलं.

चार भाग. चार बरण्या.
दोरा, चिठ्ठी, मेणबत्तीवर लाख.
हरभऱ्याच्या पिठात लाखेची डाळ दळलीय का
हे शोधायला वर लाखेचाच ठिपका,
आणि चुकलं तर लाखच.
आमच्या भाषेनं या खात्यासाठी
एवढ्या एका शब्दात भागवलंय.

"आता किंमत सांगा."
"लाजवता काय मॅडम! दोन किलो पिठाचे पैसे घेऊ?"
घ्यावेच लागतील, तोडकर.
पैसे दिले तर नमुना,
नाही दिले तर हप्ता.

एकशे नव्वद.
मी दोनशेची नोट देते. सुटे नाहीत.
ते दहा रुपयांच्या कॉफीच्या गोळ्या पुढे करतात.
मी बघत राहते.
ते बघत राहतात.
पंखा एका पात्याने कुरकुरतो.

शेवटी पोरगं चहावाल्याकडं पळतं
आणि दहाचं नाणं आणतं,
जे या शहरात निम्मे लोक घेत नाहीत.
मी घेते. पावती फाडून घेते.
सगुणा चाळणीकडे परत गेलेली असते.
पाठमोरी. चाळणीचा आवाज मघापेक्षा जोरात.

चौदा दिवसांनी अहवाल येईल.
तोवर हे पीठ ना शुद्ध ना भेसळीचं,
सील केलेलं आहे, एवढंच.

स्वारगेटला सिग्नलपाशी कढई खदखदत होती.
दुपारचे अडीच, सकाळपासून पोटात फक्त चहा.
पिशवीतल्या बरण्या पायांत घट्ट धरून
एक प्लेट कांदाभजी घेतली.
छान पिवळी होती. जरा जास्तच.
दहाचं नाणं त्यानेही घेतलं नाही.

खाल्ली सगळी.
साक्षीदार नव्हता.