तुटक्या चोचीचा कोंबडा

मातेराच्या नव्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर
दोनाता पीठ मळते,
पिवळसर, रात्रभर फुगलेलं.

खाली दरीच्या कडेला ती गुहा.
नऊ माणसं आणि एक खेचर
एकमेकांच्या श्वासावर हिवाळा काढायची.
आता तिथे हॉटेल आहे.
खेचराच्या जागी पांढरा टब.

तेव्हा सगळ्या आळीला एकच भट्टी.
पावांची अदलाबदल नको
म्हणून घराघराचा लाकडी शिक्का;
हिच्या सासऱ्याचा कोंबडा, तुटक्या चोचीचा.
भट्टीवाल्याची शीळ आधी,
कॅथेड्रलची घंटा मागून.

आज ओव्हनमध्ये एकटाच पाव.
कुणाशी बदलणार?
तरी ती कोंबडा दाबते,
अंगठ्याने पीठ झटकते
आणि जराशी थांबते,
जिन्यावरून व्हितुच्चा ओरडत येईल म्हणून :
अगं, माझा कुठाय?
हा तुझाच आलाय.